पिस्तूल आधी की शिक्षक आधी?

पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला जी सहा पदके आली, त्यांतील तीन नेमबाजीची होती. हरियाणाच्या मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात एक आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक स्पर्धेत दुसरे ब्राँझपदक मिळविले. तिसरे पदक राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याचे. त्याचा प्रकार पिस्तुलाचा नव्हे, ५० मीटर रायफलचा. परंतु खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, आणि तेही एका जिल्हा परिषद शिक्षकाच्या मुलाला, याचा परिणाम मध्यमवर्गीय घरांवर झाल्यावाचून राहिला नाही. त्यानंतरच्या काळात प्रस्तुत लेखकाकडे दौंडकडील एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन आला. वडील एका कचेरीत कारकून. मुलाला पिस्तूल नेमबाजी शिकवावयाची त्यांनी ठरविले होते आणि त्यासाठी मुदत ठेव मोडण्याची तयारीही केली होती. त्यांचा प्रश्न एकच होता : "सर, पिस्तूल कोणते घ्यावे?" शिकविणार कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात आलेलाच नव्हता.

हा त्या एका गृहस्थांचा दोष नाही. पिस्तूल ही डोळ्यांना दिसणारी, हातात घेता येणारी, पावती मिळणारी वस्तू आहे. शिक्षण तसे नाही. शिवाय कायदाही या बाबतीत प्रथमदर्शनी उदार आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. २५ मीटर प्रकारातील पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना हवा, म्हणून नवशिक्याची सुरुवात बहुधा एअर पिस्तुलानेच होते. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी बनावटीचे एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. म्हणजे ज्या घरात वर्षाला मोठ्या कष्टाने चार पैसे शिल्लक पडतात, त्या घराची दोन-तीन वर्षांची बचत एका पेटीत बंद होते. आणि मग ती पेटी घेऊन जावयाचे कोठे, याचा शोध सुरू होतो. वास्तविक क्रम नेमका उलटा असावयास हवा.

तो का, हे समजण्यासाठी या खेळाचे थोडे गणित पाहावे लागेल. नेमबाज एका हाताने पिस्तूल धरतो; दुसऱ्या हाताचा आधार नियमाने वर्ज्य आहे. १० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. स्पर्धेत असे साठ नेम पंचाहत्तर मिनिटांत मारावयाचे असतात. पिस्तुलाच्या मागील टोकास खाच आणि पुढील टोकास माशी असते व या दोहोंमधील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर भरते. आता समजा, माशी खाचेच्या मध्यावरून एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर दूर जातो आणि दहाच्या जागी सात गुण पडतात. उलट माशी आणि खाच यांचा मेळ अचूक राहून संपूर्ण हात एक मिलिमीटर हलला, तर छर्राही एकच मिलिमीटर हलतो आणि दहा गुण शाबूत राहतात. हात थोडा हलणे हा गुन्हा नव्हे, तो सर्वांचाच हलतो. गुन्हा आहे तो माशीवरची नजर सोडून लक्ष्याकडे पाहण्याचा. पण प्रत्येक नवशिका नेमके तेच करतो, कारण आपण काय मारीत आहोत हे पाहण्याची इच्छा स्वाभाविक असते. दुसरा दोष चापाचा. नेम जुळला असे वाटताच बोट चाप दाबण्याऐवजी झटका देते. हे दोन्ही दोष करणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत. त्याला फक्त लक्ष्यावरचे भोक दिसते आणि मग तो पिस्तुलाच्या माशीचे स्क्रू फिरवीत बसतो. सहा महिने अशा रीतीने गेले, तर चूक स्नायूंत मुरते. आणि मुरलेली चूक काढणे हे नवी गोष्ट शिकविण्यापेक्षा कितीतरी खर्चाचे काम आहे.

म्हणून या खेळात दुर्मिळ वस्तू पिस्तूल नव्हे, रेंजही नव्हे. दुर्मिळ आहे ती पहिल्या सहा महिन्यांत मुलाच्या शेजारी उभी राहणारी जाणती नजर.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक जुना निबंध आठवल्यावाचून राहात नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले, की मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर काढतो. त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयावरील कामासाठी. मात्र जुन्नर तालुक्यातील बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी इतका असहाय नसतो. तो दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. क्रीडाशिक्षणाच्या बाजारात मात्र दात पाहण्याची विद्याच गिऱ्हाइकाजवळ नाही. जो शिकला नाही त्याला शिक्षकाची पारख नाही, आणि पारख येईपर्यंत फी भरून झालेली असते. त्यातच शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण व परीक्षेतील सवलतीचे गुण यांमुळे पुष्कळ पालकांची मागणी खेळाची नसून प्रमाणपत्राची असते. जशी मागणी तसा पुरवठा, हे सांगण्यास अर्थशास्त्र्याची आवश्यकता नाही.

मग नवशिक्याने पारख करावी ती कशी? दाखला हे एक साधन आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे प्रशिक्षकांसाठी डी पासून ए पर्यंत चढत्या श्रेणीचे परवाने आहेत आणि आपल्या प्रशिक्षकाजवळ यांतील कोणता परवाना आहे, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. पण दाखला हा अभ्यासाचा पुरावा आहे, शिकविण्याच्या हातोटीचा नव्हे. त्याहून अधिक बोलके असते ते प्रशिक्षकाचे रेंजवरील वर्तन. एक सकाळ मागे उभे राहून पाहावे. प्रशिक्षक लक्ष्याकडे पाहतो की शिकणाऱ्याच्या मनगटाकडे आणि बोटाकडे, हे अर्ध्या तासात कळते. पहिल्या दिवशी तो शस्त्र हाती देण्यापूर्वी नळीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, बोट चापावर केव्हा जावे, याचा धडा देतो की नाही? छर्रा न भरता नुसता चाप ओढण्याचा सराव आठवड्यानुआठवडे करवून घेतो का? वर्तुळे नसलेल्या कोऱ्या कागदावर नेम मारावयास लावतो का? ही जुनी आणि अक्सीर युक्ती आहे, कारण कागद कोरा असला की नजर आपोआप माशीवर परत येते. कधी भरलेले तर कधी रिकामे पिस्तूल न सांगता हाती देऊन तो झटक्याची चोरी पकडतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, स्वतःची किंवा संस्थेची पिस्तुले वापरावयास देऊन "घाई करू नका, अजून विकत घेऊ नका" असे तो म्हणतो का? जो पहिल्याच भेटीत पिस्तुलाचा भाव सांगू लागतो आणि महिन्याभरात स्पर्धेत उतरविण्याचे आश्वासन देतो, तो विक्रेता म्हणून कदाचित उत्तम असेल. पण शिक्षक म्हणून त्याच्याकडे जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

शिक्षकाचे हे महत्त्व नवशिक्यापुरतेच असते, असा समज होऊ नये. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले होते. दुखापतीनंतर त्यांची घडी विस्कटली, तेव्हा त्यांनी स्वतः मुंखबायार दोर्जसुरेन या दोन ऑलिंपिक पदके मिळविलेल्या नेमबाज महिलेला व्यक्तिगत प्रशिक्षक म्हणून गाठले आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळविले. एशियाडमध्ये नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. मनू भाकर आणि तिचे प्रशिक्षक जसपाल राणा यांचे टोकियोपूर्वी फाटले, टोकियोत तिच्या हाती काही लागले नाही, पुढे २०२३ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. टोकियोत तिच्या पिस्तुलानेही दगा दिला होता, त्यामुळे सर्व श्रेय-अपश्रेय प्रशिक्षकाच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. तरीही विश्वविजेत्यांना जे लागते, ते दौंडच्या सतरा वर्षांच्या मुलाला लागणार नाही असे मानण्यास आधार कोणता?

आता आपल्या भागाकडे वळू. शस्त्र ही शिरूर-दौंडला परकी वस्तू नव्हे. घोडनदीकाठचे शिरूर ही इंग्रजांची लष्करी छावणी होती; १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती येथूनच. दौंडला आज राज्य राखीव पोलीस बलाचे पाच व सात क्रमांकांचे गट आहेत आणि शेजारी नानवीजला बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शस्त्रसुरक्षेची शिस्त अंगी बाणलेली, निवृत्त झालेली माणसे या गावांत राहतात. त्यांचा उपयोग अवश्य व्हावा. मात्र पोलिसी गोळीबार आणि एका हाताने साठ नेमांची स्पर्धा या भिन्न विद्या आहेत. पहिलीत जलद व पुरेसा नेम हवा, दुसरीत संथ व निर्दोष. पहिलीचा उस्ताद दुसरीचा गुरू आपोआप होत नाही. महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेना हाही एक दरवाजा आहे. तेथे रायफल हाती येते आणि आपल्याला हा खेळ मानवतो की नाही, याचा अंदाज फुकटात येतो. त्यापुढचे शिक्षण पुण्यातच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल आणि २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेली गगन नारंग यांची अकादमी ही त्यांतील ठळक नावे. (पनवेलला अकादमी चालविणाऱ्या सुमा शिरूर यांचे आडनाव पाहून आमच्या शिरूरकरांचा ऊर भरून येतो; पण त्यांचा आमच्या गावाशी संबंध नाही.)

दौंडहून पुणे रेल्वेने पाऊणशे किलोमीटर, आणि बालेवाडी तर शहराच्या पलीकडच्या टोकाला. शिरूरला रेल्वेच नाही. नगर रस्त्यावरची एस.टी. आणि वाघोलीची वाहनकोंडी हेच नशिबी. एका तासाच्या शिक्षणासाठी जाण्या-येण्याचे पाच तास मोजावे लागतात. रोज हे करणारा मुलगा एक तर अभ्यास सोडतो, नाही तर खेळ. पण रोज जाण्याची गरजच नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचे खेडे आहे. राजपाल सिंह यांनी तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेंज सुरू केली. नातीला सोबत म्हणून गेलेल्या चंद्रो तोमर या साठी उलटलेल्या आजीबाई तेथे पिस्तूल शिकल्या; घरी पाण्याने भरलेला जग हात लांब करून धरीत त्या हात स्थिर करण्याचा सराव करीत. त्या २०२१ मध्ये करोनाने गेल्या. घरच्या घरी, भिंतीवर ठिपका काढून, रिकाम्या पिस्तुलाने केलेला रोजचा अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा शिक्षकापुढे झालेली तपासणी, एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम पार पडू शकते. अट एकच, की ती तपासणी खरी असावी.

शासनाने करावयाचे ते याच दिशेने. १० मीटरच्या रेंजला पंधरा मीटर लांबीचा दिवाणखाना, छर्रा अडविणारी भक्कम भिंत, बाजूचे बंदिस्त दरवाजे आणि पुरेसा उजेड एवढेच लागते. बॅडमिंटनचे मैदानच १३.४० मीटर लांब असते, म्हणजे ज्या महाविद्यालयात बॅडमिंटनचे सभागृह आहे, तेथे जागेचा प्रश्न सुटल्यासारखाच आहे. संस्थेच्या मालकीची चार पिस्तुले कुलुपात ठेवावीत आणि जिल्ह्याने नेमलेला एक परवानाधारक प्रशिक्षक आठवड्यातून एक दिवस शिरूरला, एक दिवस दौंडला, एक दिवस बारामतीला असा फिरता ठेवावा. फिरते ग्रंथालय आपल्याला ठाऊक आहे. फिरता प्रशिक्षक का नसावा? पंचवीस घरांनी पंचवीस पिस्तुले घेऊन ती कपाटात ठेवण्यापेक्षा एका प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार स्वस्त पडतो, हा साधा हिशेब आहे. पदकविजेत्यांचे सत्कार व्हावेत, बक्षिसेही द्यावीत. परंतु स्वप्निल कुसाळे यांना २००९ मध्ये राज्याच्या क्रीडाप्रबोधिनीत प्रवेश मिळाला, तेथे त्यांचा खेळ निवडला गेला आणि पुढे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या माजी ऑलिंपियन प्रशिक्षक लाभल्या. पंधरा वर्षांनंतरचे पदक हे त्या गुंतवणुकीचे व्याज आहे.

आमच्या त्या कारकून गृहस्थांनी मुदत ठेव मोडली नाही. मुलगा दर रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला जातो आणि संस्थेच्या पिस्तुलावर शिकतो. पहिले सात आठवडे त्याला एकही छर्रा मारू दिला गेला नाही, अशी तक्रार वडिलांनी मध्यंतरी केली. प्रशिक्षक बदलू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.