भीती रक्तात, तोटा बाजारात



दिवाळीच्या तोंडावर कापूस घरात येतो आणि पडेल त्या भावाने खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर चढतो. पुढे भाव वाढला की शहाणी माणसे म्हणतात, "शेतकऱ्याला व्यवहार कळत नाही." हा आरोप एकदा तपासून पाहिला पाहिजे.

माणसावर संकट आले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा रस रक्तात सोडतात. घटकाभराच्या संकटात तो अंगाला बळ पुरवतो. पण संकट सरतच नसेल तर? लंडनच्या सट्टेवाल्यांची लाळ तपासली गेली, तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बाजार जितका अस्थिर, तितका हा रस जास्त. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ३६ जणांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या देऊन आठ दिवस हा रस सुमारे ६९ टक्के वाढता ठेवला. पहिल्या दिवशी पैशाच्या निर्णयात फरक पडला नाही. आठवड्याने तीच माणसे जोखमीला भ्यायला लागली. आणि केनियात पाऊस हुकला तेव्हा निव्वळ शेतीवर जगणाऱ्यांच्या शरीरात हाच रस वाढलेला सापडला.

सट्टेवाल्याची भीती बाजार निवला की निवते. आमची मृगापासून चुकारा हाती पडेपर्यंत चालते. अशा भीतीत कोणीही "आज मिळते ते घ्या" असेच म्हणेल. हा अडाणीपणा नव्हे.

दुसरी बाजूही आहे. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवले, की समोर नक्की तोटा दिसला की माणूस तो पचवण्याऐवजी मोठा डाव लावतो. दुबार पेरणी मोडली की सावकाराच्या पैशाने तिबार होते, ती अशी.

शासनाने २०१५ साली वाशीमसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला. समुपदेशन हवेच. पण भीतीचे मूळ भावात आणि कर्जात असेल तर ती नुसत्या बोलण्याने कशी जाईल? कापूस वेचणीला येताच खरेदी केंद्र उघडा, चुकारा वेळेवर द्या, विम्याची भरपाई पुढच्या पेरणीआधी द्या. भीतीवरचे खरे औषध हे आहे.

तोवर आपण काय करावे? कोणता माल केव्हा विकायचा, दुबारपुढे पैसा घालायचा की नाही, हे मृगाआधी, डोके थंड असताना घरात बसून ठरवा. त्या बैठकीत घरची लक्ष्मी हवीच. सगळा कापूस एका दिवशी काढू नका. ज्वारीची निकड असेल तर रिसोडच्या बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना १९९० पासूनची आहे. नुकसान झाल्या दिवशी सावकाराच्या कागदावर अंगठा नको. आधी दोन भावांना विचारा. आणि गावात एखादा गडी गप्प झाला, पारावर येईनासा झाला, तर त्याच्या घरी जा. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, तोही लावून द्या.

जिल्हा बैठकीला येताना गावात किती कापूस कोणत्या भावाने, कोणत्या अडचणीपायी गेला, ते लिहून आणा. आरोपाला उत्तर आकड्यांनी देऊ.