सुतारदऱ्यातला वर्ग

आमच्या इमारतीतला एक मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या चर्चचा तरुण संघ दर रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या सुतारदरा वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो. गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एका बातमीचं कात्रण फिरलं. शिबिराच्या नावाखाली धर्मांतर, आणि पुढे प्रश्नचिन्ह. बातमी दुसऱ्याच जिल्ह्यातली. आत एवढंच होतं, की तक्रार आली आहे आणि पोलीस चौकशी करताहेत. तेवढं वाचायला कोण थांबतंय? पुढच्या रविवारी अठरा मुलांपैकी चारच आली.

ते प्रश्नचिन्ह छापणाऱ्याला मोकळं करतं. वाचणाऱ्याच्या मनात मात्र ते गळून पडतं आणि आरोप तेवढा उरतो. चर्चमध्ये मुलांवर अन्याय झाला, तर ती बातमी पहिल्या पानावर यायलाच हवी, पुराव्यानिशी. पण चौकशीत काही निघालं नाही, तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावं. तसं आलेलं मला फारसं आठवत नाही.

पुण्याला हे नवं नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. रमाबाई ख्रिस्ती, आपली प्रार्थना त्या दार उघडं ठेवून करत, वाटलं तर मुली येऊन बसत. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरं आणि ते लपवू नये. पण सदन तेवढंच नव्हतं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्याच 1893 साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. ‘माझे पुराण’ लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या ह्याच. त्या हिंदूच राहिल्या. कर्वे पुतळ्यापाशी बसची वाट बघताना मला अण्णा कर्व्यांच्या आधी त्या आठवतात. ज्या घराबद्दल गाव नाही नाही ते बोलत होतं, तिथे त्या शिकल्या.

काल संध्याकाळी त्या मुलाबरोबर सुतारदऱ्यात घरोघर जाऊन आले. तो फार बोलला नाही, प्रत्येक दारात मुलांच्या वह्या तेवढ्या परत देत होता. एका आईनं मला विचारलं, “ताई, तुम्ही बसाल का वर्गात?”

हो म्हटलं. रविवारी साडेपाचला. अपूर्णांकांची बेरीज शिकवायची राहिली आहे.