शेजारच्या टेबलासाठी अमेरिकेचा फेरा

घरात इंजिनीअरिंगचं पोर असेल, तर फेब्रुवारी-मार्चमधलं एक दृश्य तुमच्या चांगलंच ओळखीचं असेल. दिवाणखान्यात चार मित्र जमलेत, चार लॅपटॉप उघडे आहेत, आई चहाच्या दुसऱ्या फेरीसाठी उठलीय आणि एकाएकी चौघंही हातावर हात ठेवून बसतात. का? तर नेट गेलं! एकाचा कोड दुसऱ्याला हवाय. तो लिहिलेला आहे याच खोलीत आणि हवाय तोही याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर. तरी काम ठप्प.

हे दृश्य पुण्या-मुंबईचंच असतं असं नाही. छत्तीसगडमध्ये दुर्ग आणि भिलाई या जुळ्या शहरांच्या पदरात बोरसी नावाची वस्ती आहे. आपल्याकडच्या वाचकांना हा मुलूख दूरचा वाटतो. पण २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाबरोबर झाला, तेव्हा हा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी चक्क नागपूर होती! पोलादामुळे भिलाईचं नाव झालं. आता त्याच भागात कोड लिहिणाऱ्या मुलांची पिढी उभी आहे. दुर्गचं भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८६चं. आयआयटी भिलाई २०१६ साली सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये कुटेलाभाठाच्या तिच्या कायमच्या संकुलाचं उद्घाटन झालं. तेव्हा बोरसीतल्या एखाद्या घरात हे चार लॅपटॉप आहेत, असं समजून पुढे जाऊ.

मुलांचं काय चुकतं? ती दोन गोष्टींची गल्लत करतात. गिट वेगळं आणि गिटहब वेगळं. गिट हे तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. गिटहब ही अमेरिकेतली कंपनी, २०१८पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. ती तुमचा कोड आपल्या यंत्रांवर ठेवते. एक पत्र आहे आणि दुसरं टपालखातं. शेजारच्या खोलीत पत्र द्यायचं तर आपण तिकीट लावून पेटीत टाकतो का?

गिटचा जन्मच मुळी अशा अवलंबून राहण्याच्या त्रासातून झाला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्याचे सहकारी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत. एप्रिल २००५मध्ये कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. टोरवाल्ड्सने त्याच महिन्यात काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. त्यात एक गोष्ट त्याने पक्की ठेवली : ज्याच्याकडे प्रत आहे, त्याच्याकडे पूर्ण प्रत आहे. वरचा आणि खालचा असा भेद नाही. मुख्य प्रत कोणती, हे आपण माणसं ठरवतो, यंत्र नाही.

या प्रतीला रेपॉझिटरी म्हणतात. जुन्या दुकानातला रोजमेळ आठवा. प्रत्येक व्यवहार तारखेनिशी, कुणाच्या हातचा ते नोंदलेला. चूक झाली तर खाडाखोड नाही, उलटी नोंद करायची. रेपॉझिटरी म्हणजे कोडचा रोजमेळ. 'क्लोन' केलं की आजचं पान तर मिळतंच, पण पहिल्या दिवसापासूनची सगळी चोपडी हाती येते.

म्हणूनच पेनड्राइव्हवर फोल्डर उचलून देणं मला पसंत नाही. त्यात होतं काय, की 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' अशी पिलावळ तयार होते. दोघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले असतील, तर मागाहून चिकटवणाऱ्याची प्रत आधीच्याची प्रत गिळते, आणि ओरडूनही सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणी काय लिहिलं याचा माग बुजतो. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये तोंडी परीक्षेला सर विचारतात, 'यातलं तुझं काय?' ज्याच्या लॅपटॉपवर शेवटी सगळं जमा झालं, त्याचा रुबाब आणि जी मुलगी दोन महिने रात्री जागली तिची पंचाईत! गिटच्या नोंदीत तिचं नाव आणि वेळ राहते. (हे नाव ज्याने त्याने आपलं आपण घातलेलं असतं, तेव्हा तो कोर्टातला पुरावा समजू नये. पण मित्रांमधला वाद मिटायला पुरतं.)

आता कृती. चौघंही एकाच वाय-फायवर असले की प्रत्येक लॅपटॉपला एक घरगुती पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. बाहेरची तार तुटली तरी राउटर चालू असेल तोवर आतले पत्ते जिवंत राहतात. राउटरच नसेल तर एकाच्या फोनचा हॉटस्पॉट लावा. लॅपटॉप आपसात बोलतात तेव्हा मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. हॉस्टेलच्या वाय-फायवर मात्र हे पुष्कळदा जमत नाही. तिथे यंत्रांना एकमेकांची तोंडं दिसू नयेत अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. मुलं उगाच तासभर गिटला शिव्या घालतात. तिथेही हॉटस्पॉट हाच उपाय.

एका लॅपटॉपवर 'बेअर' रेपॉझिटरी बनवा. बेअर म्हणजे ज्यात कामाच्या फाइली मांडलेल्या नाहीत असं, नुसती चोपडी, दुकान नाही. सगळ्यांनी आपले बदल तिथे ढकलायचे आणि दुसऱ्यांचे तिथून ओढायचे. 'मित्राच्या चालू फोल्डरमध्येच का ढकलू नये?' असं पोरं विचारतात. तो ज्या पानावर लिहीत बसलाय तेच पान त्याच्या हाताखालून बदललं तर? म्हणून गिट अशी ढकलाढकली मुळातच नाकारतं. ये-जा एसएसएच या कुलूपबंद वाटेने करावी. लिनक्सवर त्याचा सर्व्हर सहज बसतो, विंडोज १० आणि ११मध्ये तो जादा सुविधा म्हणून चालू करता येतो. जोडणी झाली नाही तर आधी फायरवॉल पाहा.

'गिट डेमन' नावाची याहून सोपी वाट आहे. ती ९४१८ क्रमांकाच्या दारावर बसते आणि मागेल त्याला प्रत देते. पण तिला ना कुलूप ना राखणदार. तिच्यातून बाहेरच्याला लिहिता येत नाही, तेवढंच मूळचं संरक्षण. घरच्या चौघांत ठीक, कॉलेजच्या जाळ्यावर नको. आणि एक गोष्ट मुलांना बजावून सांगा. कोडमध्ये पासवर्ड लिहून मग खोडला, तरी रोजमेळात तो राहतोच. प्रत देताना तोही जातो.

जाळंच नसेल तर पेनड्राइव्ह आहेच, पण त्यावर रेपॉझिटरी न्यायची. एप्रिल २०२२नंतरच्या गिटमध्ये इथे एक अडथळा येतो : फोल्डरची मालकी संशयास्पद आहे, असं म्हणून ते हटून बसतं. घाबरू नका. सामायिक यंत्रावर दुसऱ्याने पेरलेल्या फोल्डरमुळे तुमच्या नावाने भलतं काही चालू नये, म्हणून ही खबरदारी. तेवढं एक फोल्डर भरवशाचं म्हणून नोंदवा. सगळ्यांनाच सरसकट परवाना देऊन टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

'पण इतका खटाटोप कशाला, नेट काय आज ना उद्या येईलच,' असं कुणी म्हणेल. डिसेंबर २०१४मध्ये सरकारी आदेशाने आपल्या देशात ३२ संकेतस्थळं बंद केली गेली, दहशतवादी मजकुराच्या कारणावरून. त्या यादीत गिटहबचंही नाव होतं. काही स्थळं लवकरच पुन्हा उघडली, पण ज्याचं काम त्याच आठवड्यात द्यायचं होतं त्याने काय करावं? ऑगस्ट २०११मध्ये लिनक्सचं मूळ कोठार असलेल्या यंत्रांमध्येच घुसखोरी झाल्याचं उघडकीला आलं. ते कोठार महिन्याहून जास्त बंद होतं, तरी लिनक्स बुडालं नाही. जगभर हजारो लोकांकडे पूर्ण प्रती होत्या आणि गिट प्रत्येक नोंदीवर आधीच्या नोंदींवरून काढलेला एक ठसा मारतं. मागचं एक अक्षर बदललं तर पुढचे सगळे ठसे बदलतात, मग लबाडी लपणार कशी?

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो ठिकठिकाणच्या पोथ्या ताडूनच. प्रती विखुरलेल्या होत्या म्हणून ताडता आल्या.

मात्र प्रती पुष्कळ आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. मार्च २०१३मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या संघाची मुख्य यादी बिघडली आणि तिच्याकडे पाहून आपोआप नक्कल करणारी यंत्रंही इमानेइतबारे कोठारं पुसू लागली. सुमारे १५०० रेपॉझिटरी जाता जाता वाचल्या, त्या एका यंत्रावर शाबूत प्रत उरली होती म्हणून. तेव्हा आपोआप होणाऱ्या नकलेखेरीज हाताने काढलेली एक प्रत वेगळी हवीच. त्यासाठी गिटमध्ये 'बंडल' आहे. सगळी चोपडी एकाच फाइलमध्ये बांधली जाते. ती पेनड्राइव्हवर घालून बोरसीहून नागपूरच्या गाडीत बसा आणि तिथल्या संगणकावर सरळ क्लोन करा.

निघण्यापूर्वी मात्र त्या बंडलमधून दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर एकदा क्लोन करून प्रोग्राम चालवून बघा. 'दुर्लक्ष करा' म्हणून गिटला सांगितलेल्या फाइली, डेटाबेस आणि बाहेरून उतरवलेली लायब्ररी त्यात येत नाहीत. ते सामान वेगळ्या फोल्डरमध्ये न्यायचं असतं, आणि ते राहिलंय हे आजवर बहुतेकांना परीक्षकांसमोरच कळलेलं आहे.