पांदणीतील चिखल आणि पिकअप गाडीचा डिफरन्शियल

अमरावती व अकोला जिल्ह्यांत जुन्या जीप व पिकअप गाड्या अजूनही शेतीच्या कामी येतात. कपाशीची बोंडे फुटण्याच्या आणि आंबिया बहाराची संत्री तोडणीस येण्याच्या सुमारास परतीचा पाऊस झाला, की काळ्या जमिनीतून जाणारी पांदण लोण्यासारखी मऊ होते. भरलेली गाडी चाकोरीत रुतते, एक चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते. अशा वेळी ‘लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवा, म्हणजे गाडी अडणार नाही’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो पारखून न घेता पैसा खर्च करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरता यावे, हे डिफरन्शियलचे काम. मात्र साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. म्हणून चिखलातील चाकास जेवढा जोर पेलवतो, तेवढाच कोरड्या जागेवरील चाकाच्या वाट्यास येतो. हा दोष कमी करणारी रचना अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ साली आपल्या मोटारींसाठी उपलब्ध केली, आणि पुढे तिचा प्रसार मालवाहू गाड्यांतही झाला.

आज मुख्यतः तीन प्रकार विचारात घ्यावे लागतात. पहिला क्लचप्लेटींचा. त्यातील प्लेटींच्या घर्षणामुळे घसरत्या चाकाबरोबर दुसऱ्या चाकासही जोर मिळतो. प्लेटी कालांतराने झिजतात आणि त्यास विशिष्ट तेलच लागते. दुसरा तिरप्या दात्यांच्या गिअरचा. त्यात झिजणाऱ्या प्लेटींवर भिस्त नसते. परंतु तो घसरत्या चाकाच्या पकडीच्या काही पट जोर दुसऱ्या चाकास देतो. एक चाक अधांतरी झाले, की शून्याची तिप्पटही शून्यच! अशा वेळी पायब्रेक हलका दाबल्यास काही मदत होते. तिसरा पूर्ण लॉकचा. त्याची पकड सर्वांत अधिक; पण डांबरी रस्त्यावर वळताना लॉक लागलेलाच राहिला, तर टायर घासतात आणि आसाच्या दांड्यांवर ताण पडतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्यास ही गोष्ट ठाऊकच असते: लॉक चाक फिरू लागण्यापूर्वी लावावा आणि वळण्यापूर्वी सोडावा.

पांदणीतून निघून डांबरी रस्त्याने बाजार गाठणाऱ्या गाडीस पहिल्या दोन प्रकारांपैकी एक पुरेसा होय. दुरुस्ती जवळपास होत असेल व योग्य तेल मिळत असेल, तर क्लचप्लेटींचा प्रकार घ्यावा. पूर्ण लॉक घ्यायचाच असेल, तर तो चालकास हवा तेव्हा सोडता येणारा असावा.

खरेदीपूर्वी आसाची ओळख पटविणे अत्यावश्यक आहे. स्पायसर ४४ या एकाच जातीच्या आसात निरनिराळ्या काळी १०, १९ व ३० खाचांचे दांडे आलेले आहेत. खाचा व क्राउन-पिनियनचे प्रमाण जुळले नाही, तर आणलेला भाग निरुपयोगी ठरतो. तसेच, असा डिफरन्शियल बसविल्यावर मागचे एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये कधीही सुरू करू नये. जमिनीवरील चाक गाडीस जॅकवरून खाली ओढील आणि माणूस चिरडेल. रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर भरधाव वळविल्यास दोन्ही चाके एकदम सुटून मागचा भाग फिरण्याचा संभव असतो, हेही चालकाने लक्षात ठेवावे.

एवढे करूनही काळ्या मातीपुढे या यंत्राची मर्यादा उघड आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील चिकण माती टायरच्या खाचांत भरली, की दोन्ही चाके गुळगुळीत होतात. दोहोंस पकड नसेल, तर जोर वाटून देणारे यंत्र काय वाटणार? म्हणून खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम खोल खाचांचे टायर, मग माफक भार आणि त्यानंतर डिफरन्शियल.

आणि या सर्वांच्या आधी पांदण! राज्य शासनाने २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना मंजूर केली, ती या गरजेपोटीच. एका गाडीचा डिफरन्शियल एका घराचा माल बाहेर काढील. दोन्ही बाजूंस चर खणून मुरूम दाबलेली पांदण साऱ्या शिवाराचा माल बाहेर काढील. ज्या गावात दहा शेतकरी आपापल्या गाड्यांवर खर्च करण्याच्या विचारात असतील, तेथे त्यांनी आधी ग्रामसभेत एकत्र बसून पांदणीचा प्रश्न मांडावा, हेच श्रेयस्कर होय.