दुर्बीण हलवू नये

संपादक महाशयांस,

पुणे-नाशिक लोहमार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडला, सबब ती दुर्बीणच अन्यत्र न्यावी, अशी जी सूचना गतांकातील पत्रलेखकांनी केली आहे, तिच्यामागील रेल्वेची तळमळ आम्हा मढकरांस सर्वस्वी मान्य असली, तरी तिचा निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या मुलखात विखरून डॉ. गोविंद स्वरूप यांनी जे यंत्र उभारले, त्याने सुमारे 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा अतिक्षीण संकेत टिपल्याचे वृत्त 2023 साली जगभर गाजले. आणि डोंगरांच्या आडोशामुळे शहरी प्रक्षेपणांचा कोलाहल येथे कमी पोहोचतो, म्हणूनच हे स्थळ पसंत झाले होते. विजेच्या इंजिनाच्या ठिणग्यांतून उठणारा गोंगाट असले संकेत सहज बुडवील. तबकड्या एकवेळ उचलता येतील. ही शांतता कोठून आणणार?

लोहमार्गाची आखणी मात्र बदलता येते. ती बदलताना जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांस वगळू नये, बोगद्याच्या पर्यायाचीही शास्त्रज्ञांसमक्ष तपासणी व्हावी आणि वाढीव खर्च सरकारने सोसावा, हा अर्ज पत्रलेखकांनी आमच्यासह करावा. पहिली सही मी करीन.

आपला,
एक वाचक
मढ, ता. जुन्नर