कर्नल कंपाइल करणं सोपं आहे, सांभाळणं नाही

लिनक्सवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. "स्वतःचा कर्नल कधी कंपाइल केलायस का?" उत्तर 'नाही' असेल तर समोरचा अशा नजरेने बघतो, की जणू आपण अजून तीनचाकी सायकलच चालवतोय.

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या मशीनवर एकदा तरी करावा, पण मशीन 'फास्ट' होईल म्हणून नाही. आणि ऑफिसच्या सर्व्हरवर करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आधी 'फास्ट'चं बघू. डिस्ट्रिब्यूशनच्या कर्नलबरोबर जगभरच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर येतात हे खरं. पण बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे पडून असतात. जे हार्डवेअर तुमच्याकडे नाही, त्याचं मॉड्यूल सहसा लोडच होत नाही. ते डिस्कवर थोडी जागा खातं, रॅम नाही. त्यामुळे हजार ड्रायव्हर काढून टाकले तरी लॅपटॉप पळत सुटेल अशी आशा नको.

मग करायचा कशाला? कळावं म्हणून. एक साधं कोडं बघा. रूट पार्टिशन वाचायला लागणारा ड्रायव्हर त्याच पार्टिशनवर मॉड्यूल म्हणून ठेवलाय. मग तो वाचणार कोण? इनिटरॅमएफएस नावाची फाइल बूट होताना कशाला लागते, हे या कोड्यातून जेवढं कळतं तेवढं चार पुस्तकं वाचून कळत नाही. कॉन्फिगरेशनचे मेन्यू उघडून तासभर नुसतं फिरलात तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरासाठी पाठ केलेल्या गोष्टी जागच्या जागी बसतात.

करायचाच तर सोर्स आपल्या डिस्ट्रिब्यूशनचा घ्यावा. त्यात त्यांचे पॅच आधीच घातलेले असतात. मी डेबियन वापरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ मालिकेतला कर्नल आहे. त्याचं 'लिनक्स-सोर्स' पॅकेज ॲप्टने घ्यायचं, उलगडायचं, चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून त्यात कॉपी करायची आणि 'मेक बिनडेब-पीकेजी' चालवायचं. हातात चक्क डेब पॅकेज येतं. नको झालं तर इतर पॅकेजसारखंच काढून टाकता येतं.

दोन-चार खाचखळगे सांगून ठेवतो. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' हा आदेश सध्या लोड झालेली मॉड्यूल बघून बाकीची गाळून टाकतो, त्यामुळे कंपाइल करायचा वेळ बराच वाचतो. पण तो चालवण्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, टेदरिंगसाठी फोन, सगळं एकदा जोडून घ्या. नाहीतर नेमकं वीज गेल्यावर फोनवरून नेट घ्यायला जाल आणि कर्नल फोनला ओळखच दाखवणार नाही. डेबियनच्या कॉन्फिगमधली सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडला तर 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' हा पर्याय रिकामा करा. डीबगची माहिती बंद करा, नाहीतर कित्येक जीबी डिस्क त्यातच जाते. सिक्युअर बूट चालू असेल तर आपण सही न केलेला कर्नल बूट होणार नाही. आणि 'लोकल व्हर्जन'मध्ये आपलं एखादं शेपूट जोडा, म्हणजे कुठला कर्नल चालू आहे ते लगेच दिसतं.

इथपर्यंत शनिवार-रविवारची हौस. खरा खर्च सोमवारपासून सुरू होतो. सुरक्षेचं अपडेट आलं की ॲप्ट सोर्सचं पॅकेज नवं करेल, पण त्यातून तुम्ही बनवलेला कर्नल जिथल्या तिथेच राहील. तो परत कंपाइल करायचं काम तुमचं. दर वेळी.

आधीच्या एका कंपनीत असा एक सर्व्हर होता. त्याचा कर्नल कुणीतरी हौसेने बनवला होता आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' जाहीर झालं. ५.८ पासूनच्या कर्नलमधल्या या चुकीमुळे साध्या युजरला रूट होता येत होतं. बाकीच्या मशीनवर अपडेट, रीबूट, विषय संपला. या एका मशीनवर मात्र कुठले पॅच घातले होते आणि कशासाठी, याची कुठेही नोंद नव्हती. रीबूट करायला कुणी धजेना. दोन दिवस त्यात गेले, आणि तेवढा वेळ ते दार सताड उघडं होतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच. ऑफिसात स्वतःचा कर्नल हवाच असेल तर त्याचं कारण, कॉन्फिग, पॅच आणि पुढच्या अपडेटला जबाबदार माणसाचं नाव लिहून ठेवा. तसं सबळ कारण असूही शकतं. एखादा बग तुमच्याच हार्डवेअरवर येतो आणि मेंटेनर म्हणतात की हा पॅच लावून बघा. तेव्हा हे काम यायलाच हवं. पण दुरुस्ती डिस्ट्रिब्यूशनच्या कर्नलमध्ये आली की निमूटपणे परत फिरावं. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या वतीने कुणीतरी रोज ही राखण करतंय, त्याची किंमत एकदा स्वतः कंपाइल केल्यावरच कळते.

तर पुढच्या वीकेंडला करून बघा. आणि जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहू द्या, बरं का!