घर आणि अंगण : कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर खानापूर तालुक्यातील एक परिचित शेतकरी गृहस्थ मजजवळ आले आणि पिशवीतून एक खोके काढून म्हणाले, "मास्तर, ही वस्तू घालावी की न घालावी, तेवढे सांगा." खोक्यात कुत्र्यासाठी विजेचा पट्टा होता व सोबत हातात धरावयाचा रिमोट. आखातात नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजिवांनी तो हौसेने पाठविला होता. कारणही क्षुल्लक नव्हते. गृहस्थांचा मुधोळ जातीचा वर्षभराचा कुत्रा शेजाऱ्यांच्या शेळ्यांमागे धावतो. त्या धावपळीत एका करडाचा पाय मोडला, आणि "पुन्हा असे घडले तर कुत्रा तरी राहील नाही तर आपला शेजार तरी," असे शेजारीण बाईंनी स्पष्ट बजावले होते. मी त्या वेळी "नको" एवढेच म्हणालो. उत्तर घाईचे झाले, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पट्टा ही वस्तू फार जुनी आहे. वार्रो नावाच्या रोमन ग्रंथकाराने इ. स. पूर्व पहिल्या शतकात शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरांच्या राखणदार कुत्र्यांना लांडग्यांपासून वाचविण्यासाठी घालावयाच्या पट्ट्याचे वर्णन आहे. पट्टा जाड चामड्याचा, त्यास बाहेरच्या अंगाला खिळे, आणि लोखंडाने मान दुखावू नये म्हणून खिळ्यांच्या माथ्यांवर आतून मऊ कातडे शिवलेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मेंढपाळाला जे कळले होते ते आजच्या बाजारास कळत नाही, असे कधी कधी वाटते. कारण हल्ली विकावयास येणाऱ्या दातेरी पट्ट्याचे दाते आतल्या बाजूस, कुत्र्याच्या मानेकडेच वळविलेले असतात.

आपल्या खेड्यांत मात्र विजेच्या पट्ट्याहून अधिक इजा साध्या दोरीने होते. पिलू घरी आणले की सुंभाचा किंवा नायलॉनचा तुकडा त्याच्या गळ्यात बांधावयाचा आणि विसरून जावयाचे, ही आपली रीत. पिलू वाढते, दोरी वाढत नाही. केसांखाली ती कातडीत रुतते, जखम चिघळते, आणि दुर्गंधी सुटल्यावर घरच्यांच्या ध्यानात येते. अशा एका पिलाच्या मानेतून दोरी काढताना मी गुरांच्या डॉक्टरांना कंदील धरला आहे. तो प्रकार पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही. पिलाचा पट्टा दर आठवड्यास सैल करून पाहावा. पट्टा व मान यांमध्ये आपली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, हे माप सर्वांत सोपे. पावसाळ्यात ओला पट्टा काढून वाळवावा, आणि त्याखाली गोचीड दडल्या आहेत काय हेही पाहावे.

मुधोळ कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. बागलकोट जिल्ह्यातील ही शिकारी जात अंगाने सडपातळ. तिचे डोके मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा घातला तर कुत्रा मागे सरून डोके काढून घेतो, आणि म्हणून धनी पट्टा अधिक आवळतो. यावर उपाय म्हणजे रुंद, मऊ पट्टा, आणि शक्य तर 'मार्टिंगेल' नावाचा दुहेरी वेढ्याचा पट्टा. त्यातील लहान वेढ्याला साखळी जोडतात. ओढ बसली की मोठा वेढा थोडा आवळतो, पण ठरावीक मापापलीकडे जात नाही. तो पूर्ण आवळला तरी मानेचा फास होता कामा नये, हे घालण्यापूर्वीच पाहून घ्यावे. कुत्रा एकटा असताना मात्र तो गळ्यात ठेवू नये. कुंपणाच्या काट्यात वेढा अडकू शकतो.

फासाच्या साखळीला अशी मर्यादाच नसते. कुत्रा जितका ओढील तितकी ती आवळत जाते. ती गळ्यात असताना कुत्र्यास खांबाला बांधून ठेवणे म्हणजे अपघातास आमंत्रण. मान ही केवळ मान नव्हे. तेथे श्वासनलिका आहे, रक्तवाहिन्या आहेत. पट्ट्यास जोराची ओढ बसली असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. पामेरियन किंवा पग पाळणाऱ्यांनी तर साखळी छातीच्या पट्ट्यालाच लावावी.

आता विजेच्या पट्ट्याविषयी. त्याची दोन धातूची टोके कातडीस टेकलेली असतात. बटण दाबताच झटका बसतो. धन्याला वाटते, शेळीमागे धावल्याबद्दल शिक्षा झाली. कुत्र्याला तसेच वाटेल याची हमी कोण देणार? त्या क्षणी त्याच्या दृष्टीसमोर शेजाऱ्यांचे लहान मूल असेल, तर वेदना मुलामुळे झाली असे तो मनाशी जोडील, आणि पुढे मूल दिसताच गुरगुरेल. शेळीचे भांडण मिटवावयास जाऊन मुलाच्या चाव्याचे भांडण घरात आणावयाचे काय? शिवाय टोके एकाच जागी तासन् तास दाबून राहिली तर कातडीस व्रण पडतात. वेल्स देशाने 2010 साली या पट्ट्यांवर बंदी घातली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 63 कुत्र्यांवर केलेल्या एका इंग्लिश अभ्यासात विजेच्या पट्ट्याने शिकविलेले कुत्रे खाऊ देऊन शिकविलेल्यांहून सरस ठरले नाहीत. उलट खाऊवाले कुत्रेच हाकेला अधिक चपळाईने ओ देत होते.

मग करावे काय? गृहस्थांना मी असे सुचविले : तीस-पस्तीस फुटांचा हलका कासरा घ्यावा व तो गळ्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधावा. मुधोळ भरधाव सुटतो. कासरा संपताच बसणारा हिसका मानेवर बसला तर जायबंदी होईल. कासरा हाताला गुंडाळू नये, नाहीतर जायबंदी होणारे आपणच. शेळ्या दूर असतानाच कुत्र्याला नावाने हाक मारावी. तो वळला की लगेच भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे, जे त्याला आवडते ते द्यावे. त्याने ओढ घेतली तर उभे राहावे, कासरा सैल झाला की चालावे. दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटे पुरेत. जवळीक रोज थोडीथोडी वाढवावी. हे आठवड्याचे काम नव्हे, महिन्यांचे आहे. आणि शिकारी रक्ताचा कुत्रा शेळ्यांत मोकळा सोडण्याइतका भरवशाचा कधीच होणार नाही, असेही होऊ शकते. तोवर शेळ्या जाण्यायेण्याच्या वेळी त्याला आवारात ठेवणे हे धन्याचे कर्तव्य आहे.

आवारात ठेवावे म्हणजे दिवसभर हातभर साखळीस जखडावे असे नव्हे. आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि सदैव बांधलेल्या कुत्र्यास फिरावयास न नेणे, हे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. कुत्र्यास रेबीजची लस टोचली आहे काय, हेही मी विचारले. टोचली होती.

काल सायंकाळी गृहस्थ पुन्हा भेटले. नवा कासरा खांद्यावर होता आणि कुत्रा पुढे. करडाच्या औषधाचा खर्च त्यांनी देऊ केला, पण शेजारीण बाईंनी निम्माच घेतला, असे म्हणाले. खोके माळ्यावर गेले आहे. चिरंजिवांना काय कळवावे, याची मात्र त्यांना अजून चिंता आहे.